मॅट स्वच्छ होती

३ जानेवारी, सोमवार

नवी मॅट आली एकदाची! तीन वर्षं सेक्रेटरींच्या हात धुऊन मागे लागले होते. सकाळी टेंपो क्लबच्या दाराशी उभा राहिला तरी माझा विश्वास बसेना. पोरी आणि मी मिळून तुकडे आत ओढले, एकमेकांत बसवले, वरून निळं कव्हर ताणलं. कारखान्याचा वास अजून जात नाहीये, पण काय देखणी दिसतेय! जुनीला इतक्या चिकटपट्ट्या मारल्या होत्या की मॅट कुठली आणि पट्टी कुठली तेच कळत नव्हतं.

झाडूवाल्या मावशींना बजावलं, दिवसातून दोनदा जंतुनाशकाने पुसायची, कोपरे सोडायचे नाहीत. त्या म्हणाल्या, "एवढं तर मी माझं तोंडसुद्धा पुसत नाही." मी म्हटलं, तोंड तुमचं आहे, मॅट माझी आहे.

महिनाअखेरीला कुस्तीची निवड चाचणी. माझ्या चार पोरी उतरणार. चौघी क्लबच्या वरच्या खोलीत राहतात आणि मी शेजारच्या खोलीत, त्यामुळे त्यांची भांडणं, घोरणं, फोनवरचं रडणं सगळं माझ्या वाट्याला. थोरली आणि धाकटी सख्ख्या बहिणी. रणगाडा नावाप्रमाणेच, तिच्या वजनाची दुसरी मुलगी आमच्याकडे नाही, म्हणून बिचारी दिवसभर कापूस भरलेल्या बाहुल्याशी लढते. आणि खार. शिंप्याची मुलगी, सतरा वर्षांची, हाडं मोजून घ्यावीत अशी, पण मॅटवर आली की हाताला लागत नाही. अशी पोर माझ्या हाताखाली आजवर आली नव्हती. यंदा ती निवडली गेली तर राहणं, खाणं, शिक्षण सगळं सरकारकडून. नाही गेली तर बापाच्या दुकानात बटणं लावत बसेल. असं होऊ द्यायचं नाही, बस्स.

चाचणीच्या महिन्यात मी दरवर्षी लिहायचं ठरवते. पोरींवर ओरडण्यापेक्षा इथे ओरडलेलं बरं.

५ जानेवारी, बुधवार

खिळा शिकवायला घेतला. हा माझा डाव, माझ्या काळात मी तीन जणींना याच्यावर रडवलंय. डावा हात समोरचीच्या मानेमागे, आपला गाल तिच्या गालाच्या हाडावर रोवायचा, आणि सगळ्या अंगाचा भार तिथे टाकायचा. तिने मान वळवली की संपली. हा बघून येत नाही. एकेकीला पकडून, गालाला गाल घासून, तिला आतून कळेपर्यंत सोडायचं नाही. आज थोरली आणि धाकटी झाल्या. दोघींचे गाल लालबुंद. थोरली म्हणाली, "ताई, तुमचा गाल आहे की सँडपेपर?" म्हटलं, पन्नाशीनंतर सगळ्यांचाच होतो, थांब थोडी.

रणगाडाला मी अंगावर घेत नाही. गेल्या वर्षी तिच्याखाली खांदा निखळला, तेव्हाच कानाला खडा लावला. तिला लांबून दाखवते.

जबड्याच्या कोपऱ्याशी सकाळपासून चुरचुरतंय. आला माझा जुना पाहुणा! कुस्ती खेळायचे तेव्हापासूनचा. चाचणी जवळ आली, झोप कमी झाली की हजर. चार-दोन बारीक फोड, आठवडाभर खपली, मग गायब. आई म्हणायची, अंगात उष्णता झालीय. पाणी जास्त प्यायला हवं.

६ जानेवारी, गुरुवार

खारने आज माझी दमछाक केली. "परत, ताई. परत." किती वेळा परत! पहिल्यांदा तिची मान वळली, दुसऱ्यांदा नाही वळली, आणि नंतर तर तिनेच मला मॅटच्या कडेपर्यंत ढकलत नेलं. गाल सोलून निघाला माझा. पाहुण्याचे फोड फुटले बहुतेक, ओलं लागत होतं. पण मनातून इतकी खूश झाले की काय सांगू. हिला खिळा माझ्यापेक्षा चांगला येणार.

संध्याकाळी मावशींच्या मागे उभी राहून मॅट पुसून घेतली. घामाचा एक थेंब राहू दिला नाही.

१३ जानेवारी, गुरुवार

थोरलीला ताप. गालावर आणि हनुवटीखाली फोडांचे घोस, पाण्याने भरलेले, गळ्याला गाठी. धाकटीला कालपासून तेच, तिला कानापाशी. मला आधी वाटलं किडा चावला. पण दोघींना एकाच वेळी?

थोरलीने फोनमध्ये शोधलं आणि म्हणाली, "ताई, हर्पिस असेल." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तसल्या रोगाचं नाव माझ्या हॉलमध्ये घ्यायचं नाही, तुमच्या आईबापांना काय तोंड दाखवू? तर ती म्हणते, तसला नाही हो, हा तोंडाला, अंगाला पण होतो, लहान मुलांनाही होतो, कुस्तीवाल्यांना तर खूप होतो. 

म्हणजे मॅटवरून! मी लगेच म्हटलं. धाकटी फोनवर वाचायला लागली, की वस्तूंवरून लागण्याची शक्यता कमी असते, बहुतेकदा कातडीला कातडी... मी म्हटलं, कमी म्हणजे आहे ना? शून्य तर नाही ना? मग झालं तर. आणि नवी मॅट येऊन दोन आठवडे झाले नाहीत आणि हे सुरू. यात शोधायला फोन कशाला हवा?

डॉक्टरकडे नेलं तर तो पहिलं काम करील ते सराव बंद करायचं. आणि चाचणीच्या वजनाच्या वेळी कातडी तपासतात. त्याच्या आत आवरायला हवं. माझ्या हॉलला रोग लागतो म्हणजे काय! या जमिनीवर सांडलेलं पाणी पिऊन दाखवीन मी.

१४ जानेवारी, शुक्रवार

आज हॉल डोक्यावर घेतला. दारावर मोठ्या अक्षरांत लावलं: आपला टॉवेल, आपली बाटली, आपला साबण, आपला कंगवा. टॉवेल उकळले. खेळताना कानांवर घालायची कवचं जंतुनाशकात बुडवली. पाण्याच्या बाटल्यासुद्धा उकळायला टाकल्या, त्या आक्रसून वांग्यांएवढ्या झाल्या. रणगाडाने आपली बाटली उचलून बघितली आणि म्हणाली, "ताई, आता ही बाहुल्याला द्या." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण आतून हसायला येत नव्हतं.

आता मॅट तीनदा पुसायची. ब्लीचच्या वासाने डोळ्यांतून पाणी येतं, येऊ दे.

एवढं सगळं करून संध्याकाळी काय बघते, तर खार खुशाल धाकटीच्या टॉवेलने तोंड पुसतेय! माझा तोल गेला. सगळ्यांसमोर म्हटलं, "अक्कल गहाण टाकलीस का? तुझ्या एकटीच्या गबाळेपणापायी सगळ्या घरी बसतील." ती टॉवेल हातात घेऊन नुसती उभी राहिली. जरा जास्तच बोलले. पण आत्ता लाड करायची वेळ नाही.

माझी खपली पडली. पाहुणा गेला, निदान एक कटकट कमी.

१७ जानेवारी, सोमवार

चोर सापडला.

दुपारी पोरी जेवायला वर गेल्या होत्या. मी सहज हॉलमध्ये डोकावले, तर झाडूवाल्या मावशी मॅटच्या मधोमध पालथ्या पडून घोरताहेत! गाल मॅटवर, तोंड उघडं, लाळ गळतेय. हलवून उठवलं. म्हणाल्या, गुडघे दुखतात, फरशी गार लागते, नवी मॅट मऊ आहे, म्हणून रोज घटकाभर टेकते. रोज! मी म्हटलं, तुम्हीच ही घाण आणलीत. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "रोज तोंड घालून मी झोपते, मला काही झालं नाही. आणि रोग माझा होय?" चेहरा खरंच स्वच्छ होता, एक पुळी नाही. काहींचं नशीबच असतं तसं, स्वतःला होत नाही, दुसऱ्याला देतात. महिन्याचे पैसे हातावर ठेवले आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. जाताना बादली उलटी करून, फडकं पिळून वाळत घालून गेल्या. जरा वाईट वाटलं. पण माझ्या पोरींपुढे मला कोणी नाही.

आता मीच पुसते. कमरेचा काटा ढिला झालाय, पण निदान खात्री आहे.

१९ जानेवारी, बुधवार

खारलाही झालं. उजव्या गालाच्या हाडावर, डोळ्याच्या खाली बोटभर अंतरावर. बरोबर खिळा लागतो तिथे. मावशी जायच्या आधीच लागलं असणार, किंवा तो टॉवेल. 

थोरलीच्या खपल्या सुकत आल्यात, धाकटीच्या अजून ओल्या. मी विचार केला, तिघींनाही झालंच आहे तर आता एकमेकींशी खेळायला काय हरकत? होऊन गेलेलं परत काय होणार? आणि मॅट तर आता इतकी निर्मळ आहे की भीतीच नाही. म्हणून खार आणि धाकटीची जोडी लावली. आज दोघींनी एकमेकींना खिळ्याने असं घुसळलं की बघत राहावं.

वजनाच्या वेळचं काय, तर चेहऱ्याला लावायची ती पावडर आणली, कातडीच्या रंगाची. डबी एकच, पण स्पंज चौघींना चार, नाव घालून. एकीचा स्पंज दुसरीने घेतला तर हात मोडीन म्हणाले.

रणगाडा दिवसभर त्याच मॅटवर लोळते, तिला मात्र काही नाही. तिची कातडीच जाड आहे, दुसरं काय.

२१ जानेवारी, शुक्रवार

खारचा उजवा डोळा लाल झालाय, पाणी गळतंय. म्हणते, आत काहीतरी खुपतंय, दिव्याकडे बघवत नाही. साबण! मीच सांगितलंय सरावानंतर जंतुनाशक साबणाने तोंड घासायला. डोळ्यात गेला असणार. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार चांगला माणूस आहे, म्हणाला, लाली आणि सूज दोन्ही उतरतील, हे थेंब घाला. आणले.

थोरली म्हणाली, "ताई, डॉक्टरला दाखवूया ना डोळा." मी म्हटलं, चाचणी झाल्यावर तुला पाहिजे त्या डॉक्टरकडे नेते, आणि वरून आइस्क्रीम.

२३ जानेवारी, रविवार

डोळा बराच निवळलाय. बघा, म्हटलं नव्हतं! देव पावला.

खारचे वडील आले होते. चाचणीसाठी तिचा पोशाख स्वतः शिवून आणला होता, लाल, पाठीवर पांढरी पट्टी. एक शिवण उसवली होती, ती तिथेच बाकावर बसून घालायला लागले. सुई आणि दोरा तिच्याकडे दिला. म्हणाले, "माझे डोळे गेले हो ताई कधीचे. ही घरी असली की सगळ्या सुया ओवून ठेवते, आठवडाभराच्या, उशीला टोचून. ही इकडे आल्यापासून शेजारच्या पोरांच्या विनवण्या करतो." खारने दोरा तोंडात ओला केला, सुई उजेडाकडे धरली. दोनदा चुकला. मग तिने उजवा डोळा मिटला आणि ओवला.

वडिलांनी विचारलं, डोळ्याला काय झालं? मी म्हटलं, साबण गेला. ते म्हणाले, "तुमच्याकडे आहे म्हणजे मला काळजी नाही."

झोप लागत नाही. जबड्याशी परत चुरचुरतंय. इतक्या लवकर पाहुणा कधी येत नाही.

२६ जानेवारी, बुधवार

सकाळी खार पायऱ्या उतरताना कठड्याला धडकली. उजव्या बाजूचं काही दिसेना तिला. म्हणाली, "ताई, धुकं आहे नुसतं. दुखून दुखून डोकं फुटतंय. कालपासून आहे. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही." डोळा उघडून बघितला. बुबुळावर पांढुरकं काहीतरी. मी तिला तशीच उचलून रिक्षात घातली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा खूप लहान, पण नजर करडी. डोळ्यात रंग घालून यंत्रातून बघितलं. मला म्हणाल्या, "हर्पिस आहे. बुबुळावर चढलाय. कधीपासून?" मी सांगितलं शुक्रवारपासून. मग थेंबांची बाटली दाखवली. ती बघून त्यांनी डोळे मिटून घेतले क्षणभर. "हे स्टिरॉइड आहे. लाली उतरवतं, आणि विषाणूला मोकळं रान देतं. आगीत तेल ओतलंत तुम्ही." 

मी म्हटलं, डोळा परत येईल ना? त्या म्हणाल्या, "औषधं सुरू करते. व्रण राहील. किती दिसेल ते आज सांगू शकत नाही. तिच्या गालावर फोड आले त्याच दिवशी आणली असतीत, तर गोळ्या आणि थोडे दिवस मॅटपासून सुट्टी, एवढ्यावर निभावलं असतं बहुतेक."

मग विचारायला लागल्या, अजून कोणाला झालंय? सांगितलं. या मुलींमध्ये सामाईक काय? मी म्हटलं, मॅट. मॅट मी तीनदा पुसते, ब्लीचने, टॉवेल उकळते, स्पंज वेगळे, झाडूवालीला काढून टाकलं. मी बोलतच सुटले. त्यांनी हात वर केला.

"पुसा, जरूर पुसा. गजकर्ण, पिकलेल्या पुळ्या असल्या गोष्टी त्याने कमी होतात. पण हा आजार मॅटवरून, टॉवेलवरून जवळजवळ पसरत नाही. कातडीवरून कातडीला जातो. घासलेल्या कातडीला तर लगेच. तुम्ही दिवसभर जमीन धूत होतात आणि मुलींचे गाल एकमेकींवर घासत होतात. फोड यायच्या आधी नुसतं चुरचुरत असतं ना, तेव्हापासून लागतो. सगळ्या मुलींच्या गालाला गाल कोणाचा लागतो?"

मी म्हटलं, कोणाचा नाही. म्हणजे जोड्या ठरलेल्या असतात.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या डोळ्यांकडे नाही, जरा खाली. "हे कधीपासून आहे तुम्हाला?"

मी हात लावला. नवी खपली धरलीय तिथे. मी म्हटलं, "हे? हे उष्णतेचं आहे."

त्यांनी कापसाची काडी काढली, खपलीच्या कडेवर फिरवली, नळीत घातली आणि वर माझं नाव लिहिलं.

२७ जानेवारी, गुरुवार

उष्णताच आहे. तीस वर्षं आहे. मला कधी ताप आला नाही, गाठी आल्या नाहीत. पोरींचं कसं, माझं कसं. आईने सांगितलेलं खोटं का असेल?

मॅट पुसली. दोनदा.

३० जानेवारी, रविवार

चाचणीला रणगाडा एकटी गेली. बाकीच्यांना डॉक्टरीणबाईंनी बंदी घातली, थोरली आणि धाकटी घरी गेल्या, गोळ्या घेताहेत. रणगाडाने सगळ्या कुस्त्या जिंकल्या. मला मिठी मारायला धावत आली तर मी दोन्ही हात पुढे करून थांबवलं. तिचं तोंड उतरलं. मी म्हटलं, सर्दी आहे मला.

दिवसभर मॅटवर लोळणारी ती. गाल टेकून झोपणाऱ्या मावशी. दोघींना काही नाही. आणि मी ज्यांना अंगावर घेतलं त्या तिघी.

कळतंय मला. कळत नाही असं किती दिवस म्हणू?

९ फेब्रुवारी, बुधवार

काडीचा निकाल आला. तोच आहे.

डॉक्टरीणबाई या वेळी हळू बोलल्या. म्हणाल्या, "असंख्य लोकांच्या अंगात असतो हा, लहानपणापासून. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण चुरचुरायला लागलं की थांबायचं असतं. त्या मुलीला तुमच्याकडून लागला की त्या धाकटीकडून, ते सांगता येणार नाही." मी विचारलं, आणि धाकटीला कोणाकडून? त्या कागद आवरायला लागल्या.

खारच्या उजव्या डोळ्याला आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. बुबुळ बदलता येतं म्हणे पुढेमागे, पण हा परत उलटू शकतो. कुस्ती नाही. 

येताना मावशींच्या घरी गेले. कामावर परत या म्हटलं, चूक माझी होती. त्या भांडी घासत होत्या. म्हणाल्या, "दुसरं काम लागलंय मला. तिथे बसायला खुर्ची देतात." बस म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मी थोडा वेळ दारात उभी राहून निघाले.

१३ फेब्रुवारी, रविवार

आज खारकडे गेले. गेल्या रविवारीही निघाले होते, अर्ध्यातून परत फिरले. भित्री कुठली.

खाली वडिलांचं दुकान, वर त्यांची खोली. वडील मशीनवर होते. मला बघून उठायला लागले, मी म्हटलं बसा. चहा सांगू का म्हणाले, मी नको म्हटलं. लाल पोशाख दुकानातच खुंटीला टांगलेला होता, पांढरी पट्टी वर करून.

वर खार पलंगावर बसली होती, पडदा ओढून. पुढ्यात सुयांची उशी. एक डोळा झाकून सुया ओवायचा सराव करत होती. एका डोळ्याने अंतर कळत नाही, दोरा सुईच्या पुढून नाहीतर मागून जातो. तिने मला बघितलं आणि उठून उभी राहिली, जशी मॅटवर शिटी वाजली की उभी राहते.

मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली. "ताई, माझं चुकलं. मी धाकटीचा टॉवेल घेतला. तुम्ही बजावून सांगितलं होतं, दारावर लिहून लावलं होतं, तरी घेतला. माझा ओला होता म्हणून. तुम्ही माझ्यावर इतकी मेहनत घेतली आणि मी एका टॉवेलपायी..."

मला पुढचं ऐकवेना. ती जवळ आली. तिची सवय, कुस्ती हरली की माझ्या खांद्यावर डोकं टेकवायची. मी मागे सरले. माझी पाठ दाराला लागली. ती तिथेच थांबली आणि बारीक आवाजात म्हणाली, "अजून रागावलाय?"

तेव्हा सांगितलं. उभ्याउभ्याच. गालावरची जागा बोटाने दाखवली. म्हटलं, टॉवेल नाही, मॅट नाही, मावशी नाहीत. हे. ही उष्णता नव्हती. खिळा शिकवला त्या दिवशी हे ओलं होतं, मला लागत होतं, तरी तुला सोडलं नाही. आणि डोळा लाल झाला तेव्हा डॉक्टरकडे नेलं नाही, कारण मला चाचणी दिसत होती. थेंब मी घातले. 

ती ऐकत होती. मला वाटलं आता ओरडेल, काहीतरी फेकून मारेल. मारायला हवं होतं. ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "म्हणजे टॉवेलने नाही?"

नाही.

"नक्की ना, ताई?"

नक्की, म्हटलं. टॉवेलने नाही. तुझं काही चुकलं नाही.

मग रडली. डोळ्याचं झाल्यापासून पहिल्यांदा, तिनेच सांगितलं रडता रडता. दोन्ही डोळ्यांतून सारखंच पाणी येत होतं. मी दाराशी उभी. जवळ जाऊन पोरीच्या पाठीवर हात फिरवायचीही मला भीती वाटत होती, खरं तर हाताने काही होत नाही, ते मला माहीत आहे आता. 

रडून झाल्यावर तिने तोंड पुसलं. उशाशी घडी केलेल्या स्वतःच्या टॉवेलने. मग म्हणाली, "बाबांना सांगा. तुम्ही सांगा. ते मला रोज विचारतात, कोणाचा टॉवेल घेतलास, का घेतलास. जेवताना पण विचारतात."

माझ्याकडे परत बघितलं नाही तिने. सुई उचलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी जिना उतरले. मशीन चालूच होतं. समोरचं स्टूल ओढून मी त्यांच्यापुढे बसले. त्यांनी चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "बोला, ताई."